मार्थेची ओढाताण आणि ‘स्मृतिचित्रे’

गेल्या चातुर्मासात इंदूरच्या आमच्या वाचनमंडळाने लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावयास घेतली. ग्रंथ परिचयाचा, घराघरांतून एकदा तरी वाचला गेलेला. तरी मोठ्याने वाचताना तो निराळाच भासतो, हा अनुभव सर्वांस आला. एका सभेत एका निवृत्त शिक्षकांनी ख्रिस्ती परंपरेतील मार्था आणि मरीया या दोन बहिणींची कथा सांगितली आणि टिळक म्हणजे मरीया, लक्ष्मीबाई म्हणजे मार्था, असे एक समीकरण मांडले. समीकरण सुबक होते. माना डोलल्या. तेवढ्यात, मंडळाचा चहाफराळ तीस वर्षे ज्यांच्याकडे आहे त्या काकू दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “सगळं खरं, पण त्या दिवशी पाहुण्यांना जेवायला कोणी वाढलं?” सभा हसली. काकू मात्र हसल्या नव्हत्या. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ती कथा पाहू. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायाच्या अखेरीस ती अवघ्या पाच वचनांत येते. येशू एका गावी येतो. मार्था नावाची स्त्री त्याला आपल्या घरी उतरवून घेते. तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी बसून बोलणे ऐकत राहते आणि मार्था पाहुणचाराच्या कामांत गुंतते. शेवटी ती पाहुण्यापाशीच तक्रार करते, की बहिणीने सारे काम एकटीवर टाकले आहे, तिला उठावयास सांगा. येशू तिला नावाने, तेही दोनदा, हाक मारतो. ती पुष्कळ गोष्टींची चिंता वाहते आहे, गरज मात्र एकाचीच आहे आणि मरीयेने निवडलेला वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, असे सांगतो. कथा येथेच संपते. मार्थेने पुढे काय केले हे लूक सांगत नाही. ती चुलीपाशी परतली, की हातातले टाकून बसली, हे कथाकाराने वाचकावर सोडले आहे.

गेल्या अनेक शतकांत या पाच वचनांवर जे लिहिले गेले त्यातील मुख्य प्रवाह मरीयेच्या बाजूचा आहे. मरीया म्हणजे ध्यानमग्न जीवन, मार्था म्हणजे कर्ममय जीवन आणि पहिले दुसऱ्याहून श्रेष्ठ, ही वाटणी मठवासी परंपरेस सोयीची होती. परंतु मूळ मजकुराकडे नीट पाहिले तर ती टिकत नाही, असे आमचे मत आहे. पहिली गोष्ट कथेच्या स्थानाची. तिच्या लगेच आधी भल्या शोमरोन्याचा दृष्टान्त आहे. वाटेवर लुटल्या गेलेल्या जखमी माणसास टाळून धर्माधिकारी निघून जातात आणि एक परका त्याची सेवा करतो. तिच्या लगेच नंतर, अकराव्या अध्यायाच्या आरंभी, शिष्य येशूला प्रार्थना करावयास शिकव म्हणतात. म्हणजे एका बाजूस सेवेची आज्ञा, दुसऱ्या बाजूस प्रार्थनेचा पाठ, आणि दोहोंच्या मधोमध या बहिणींचे घर. सेवा हलकी ठरवणे हा लूकचा हेतू असता तर त्याने शोमरोन्यास मार्थेच्या इतक्या जवळ आणून बसवले नसते.

दुसरी गोष्ट एका शब्दाची. मार्थेच्या स्थितीचे वर्णन करणाऱ्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ चोहोंकडून ओढले जाणे असा आहे. इतर भाषांतील अनुवादकांना येथे अडखळावे लागते. मराठीत मात्र त्यास नेमका घरगुती शब्द आहे: ओढाताण. ‘माझी फार ओढाताण होते हो,’ असे आपल्या घरांतील कोणती स्त्री म्हणत नाही? येशूचे बोलणे या ओढाताणीसंबंधी आहे, स्वयंपाकासंबंधी नाही. मार्था काम करीत होती हा तिचा दोष नव्हे; ती कामात असताना तुकड्यातुकड्यांनी विभागली गेली होती आणि त्या विभागलेपणातून बहिणीच्या शांततेचा तिला राग आला, हे दुखणे आहे.

योहानकृत शुभवर्तमान याला दुजोरा देते. गावाचे नाव बेथानी हे योहानच सांगतो. तेथे भाऊ लाजर वारल्यावर येशूला सामोरी जाते ती मार्था. मरीया घरात बसून राहते. श्रद्धेचा स्पष्ट उच्चारही मार्थाच करते. पुढच्या, बाराव्या अध्यायात पुन्हा जेवण आहे आणि पुन्हा मार्थाच वाढते आहे. या वेळी तक्रार नाही. मरीया सुगंधी तेलाने येशूचे पाय माखते आहे आणि मार्था वाढते आहे. दोघी आपापल्या ठिकाणी आहेत. काकूंच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते: वाढले मार्थेनेच, आणि ती वाढतच राहिली.

ज्यांनी हे ओळखले ते बहुधा स्वतः कामाच्या रगाड्यात असलेले लोक होते. स्पेनमधील आविलाची संत तेरेसा ही प्रार्थनेच्या अंतरंगाची मोठी भाष्यकार, पण तिचे उत्तरायुष्य मठांची स्थापना, प्रवास, पत्रव्यवहार आणि पैशांच्या अडचणी यांत गेले. १५७७ साली लिहिलेल्या आपल्या ‘अंतरीचा किल्ला’ या अर्थाच्या ग्रंथात ती शेवटी या निष्कर्षास येते, की मार्था आणि मरीया यांनी एकत्रच राहावयास हवे, नाही तर पाहुण्यास उपाशी बसावे लागेल. त्याच देशात १६१८ साली तरुण वेलास्केस याने या कथेवर चित्र काढले. त्यात पुढे आहे ती स्वयंपाकघरातील मुलगी. ती खलबत्त्यात काही कुटते आहे, समोर मासे आणि अंडी आहेत, मागून एक म्हातारी बोट दाखवते आहे. येशू आणि त्या दोघी बहिणी वरच्या कोपऱ्यात एका लहानशा चौकटीत दिसतात. मुलीचे डोळे भरून आल्यासारखे वाटतात. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ही कथा कशी ऐकू येते, हे त्या चित्रकाराने दाखवले आहे.

आता आपल्या परंपरेकडे वळू. मराठी वाचकास ही कथा परकी वाटत नाही, याचे कारण केवळ फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ नव्हे. कारण त्याहून जुने आहे, आणि ते पंढरीस आहे. तेथेही एक पाहुणा दाराशी आला. यजमान आईवडिलांच्या सेवेत होता. त्याने वीट पुढे सरकवली आणि थांबावयास सांगितले. पाहुणा अद्याप उभा आहे. बेथानीत पाहुण्यासाठी सेवा थांबवण्याची गोष्ट आहे, पंढरपुरात सेवेसाठी पाहुण्यास थांबवण्याची. वरवर या दोन कथा एकमेकींविरुद्ध आहेत. पण पुंडलिकाची ओढाताण होत नव्हती, हे ध्यानात घेतले की विरोध मावळतो. तो एकाच ठिकाणी पूर्णपणे होता. दुसऱ्या टोकास गोरा कुंभाराची कथा आहे. तो भजनात रंगला आणि त्याच्या पायांखाली चिखलात पोर तुडवले गेले. भक्तीने हातातल्या कामाचे भान सोडले तर काय घडते, हे आपल्या परंपरेने इतक्या कठोरपणे सांगितले आहे, की तुडवलेले मूल चमत्काराने परत आणल्याविना ती कथा पुरी करणे कोणास जमले नाही.

हे सारे मनात ठेवून ‘स्मृतिचित्रे’ उघडावीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षांनी त्याच वाटेने गेल्या. मधली वर्षे विरहाची, अपमानाची आणि पंढरपूर, नाशिक येथे नातलगांच्या आश्रयाने काढलेली. ग्रंथाचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. त्याची जन्मकथाही बोलकी आहे. मुलगा देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, त्यासाठी आईने आठवणी सांगाव्या, असा आग्रह होता. म्हणजे हे लेखन मुळात दुसऱ्याच्या ग्रंथास साहाय्य म्हणून, सेवा म्हणून आरंभिले गेले. चरित्रनायक पुढे बसलेला, आणि सांगणारी मागे स्वयंपाकघरात. पण वाचता वाचता वेलास्केसच्या चित्रात होते तसे होते. डोळा पुढच्या बाईवरच खिळतो.

आमच्या शिक्षकमित्रांचे समीकरण या ग्रंथास लागू पडत नाही, ते का, हे पाहू. टिळक हे कवी, भक्त, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणारे. तेव्हा ते मरीया, असे वाटणे साहजिक आहे. परंतु लक्ष्मीबाईंनी रेखाटलेले टिळक पायांशी निवांत बसलेले क्वचितच दिसतात. ते सदैव धावत असतात. आज या गावी, उद्या त्या. हाती आलेला पैसा पहिल्या गरजवंतास देऊन मोकळे. सूचना न देता पाहुणे घेऊन येणारे. क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे. व्याख्याने, कीर्तने, पत्रे, ‘ज्ञानोदया’चे काम, दुष्काळातली पोरकी मुले. त्यांची सेवा खरी आहे, औदार्य खरे आहे. पण ओढाताणीचा ग्रीक शब्द कोणास लावावयाचा झाला तर तो आधी त्यांना लागतो. टिळकांनाही हे उमगले असावे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी व पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला; बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते वारले. ज्या शांततेसाठी आयुष्यभर धावले ती त्यांना फार थोडी लाभली.

आणि लक्ष्मीबाई? त्यांचा संसार म्हणजे शब्दशः मार्थेचा संसार. घरात दाणे नाहीत आणि दारात पाहुणे. दुसऱ्यांची मुले आपली म्हणून वाढवणे. प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा. प्रार्थनेविषयी, ध्यानाविषयी त्या फार बोलत नाहीत. म्हणून काही वाचक या ग्रंथास विनोदी संसारकथा समजतात आणि त्यातील धर्म टिळकांच्या खाती जमा करतात. आमच्या मते ही ‘स्मृतिचित्रां’च्या वाचनातील मोठी चूक आहे.

ग्रंथातील आध्यात्मिक घटना पाहावयाची तर ती लक्ष्मीबाईंच्या मनात घडलेली एक विचारमालिका आहे. त्या अशा घरात वाढल्या होत्या, जेथे वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेतली जात नसे. शिवाशिव त्यांच्या हाडीमासी होती. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्याच्याजवळ येऊनही त्यांनी आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. मग एके दिवशी, कोणी उपदेश करीत नसताना, त्या स्वतःशी विचार करू लागल्या, की जाती देवाने केल्या की माणसांनी? पशूंच्या जाती दिसतात तशा माणसांच्या दिसतात काय? विचार शेवटाला गेला आणि त्यांनी ठरवले, की यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे, प्यावयाचे. ना सभा, ना साक्ष, ना मोठा शब्द. ग्रंथातील सर्वांत मोठे परिवर्तन असे अगदी शांतपणे होते, आणि त्याचा परिणाम सर्वप्रथम दिसतो तो पाण्याच्या भांड्यात आणि ताटात. येथे मरीयेचे ऐकणे आणि मार्थेचे वाढणे यांत अंतर राहिलेले नाही. जे ऐकले ते वाढण्यात उतरले आहे.

त्यांचा विनोदही याच ठिकाणाहून येतो. तक्रार करणारी मार्था आणि ‘स्मृतिचित्रां’ची लेखिका यांत फरक एवढाच, की लेखिकेने आपल्या ओढाताणीकडे थोडे दूर बसून पाहिले आहे. हसणाऱ्यास क्षणभर तरी थांबावे लागते. नवऱ्याचा राग, रिकामे डबे, फसलेले बेत यांवर त्या हसतात तेव्हा कटुता उरत नाही, आणि सत्यही लपत नाही. टिळकांचे दोष इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणी सांगितले नसते. अशा लेखनाला मनाची जी स्वस्थता लागते तिला आम्ही प्रार्थनेपासून फार दूरची मानत नाही.

अखेरचा पुरावा ग्रंथाबाहेरचा आहे. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ‘ख्रिस्तायन’ या नावाने काव्यात गुंफावयास घेतले होते. त्यांच्या हयातीत दहा अध्याय झाले. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी रचले. ज्यांना लिहावाचावयास नवऱ्याने शिकवले, ज्यांचे शालेय शिक्षण असे काही नव्हतेच, त्या बाईंनी वैधव्यात, संसाराच्या उरलेल्या जबाबदाऱ्या पाठीवर असताना, वर्षानुवर्षे त्या एका चरित्रापाशी बसून काढली. काव्य म्हणून दोघांची तुलना केली तर टिळकांची प्रतिभा वरची, हे मान्य. पण पायांशी कोण बसले, हा प्रश्न असेल तर दहा आणि चौसष्ट या आकड्यांकडे पाहावे.

याच संदर्भात पंडिता रमाबाईंचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आपणां बृहन्महाराष्ट्रीयांस त्या अधिक जवळच्या वाटाव्यात, कारण त्यांचा जन्मच १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या कुटुंबात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला आणि मग तिच्याकरवी लेकीला संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष पत्करला. बेथानीच्या कथेचा एक पैलू येथे उजळतो. गुरूच्या पायांशी बसणे ही त्या काळी शिष्याची, म्हणजे पुरुषाची जागा होती. मरीया तेथे बसते आणि तिला उठवू नये असे येशू सांगतो, याचा अर्थ केवळ ध्यानाची थोरवी एवढाच नव्हे. स्त्रीचा शिकण्याचा अधिकार हाही आहे. तो वाटा तिच्याकडून काढून घेतला जाणार नाही, हे वाक्य रमाबाईंनी कोणत्या कानांनी ऐकले असेल याची कल्पना करावी.

रमाबाईंची कामे तर प्रचंड. १८८९ साली शारदा सदन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो अनाथ स्त्रियांचे अन्न, वस्त्र, शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना. एवढ्या पसाऱ्यात त्यांनी एक काम आपल्यापाशी ठेवले. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा अभ्यासून, साध्या बाईस कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे हे चालले होते. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते, आणि १९२४ साली ते संपूर्ण प्रसिद्ध झाले. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. म्हणजे जे एकीने शांतपणे ऐकले ते इतरांनी खिळे जुळवून वाचकांपुढे वाढले. भाषांतराच्या शैलीविषयी मतभेद होऊ शकतात. ती कोठे कोठे रुक्ष आहे. पण संस्थेच्या गलबल्यात एक शांत खोली राखणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण अर्वाचीन मराठीत आम्हांस आढळत नाही.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो. ‘कर्म हीच पूजा’ हे वचन बहुधा ज्यांना कर्म करावे लागत नाही त्यांच्या तोंडी शोभते. मार्थेस भक्त ठरवून तिला चुलीपाशीच ठेवण्याची ही युक्ती तर नव्हे? धोका खरा आहे. त्यावर उत्तर एकच: लक्ष्मीबाई आणि रमाबाई, दोघींनाही बसावयास जागा मिळाली, किंवा त्यांनी ती मिळवली. एकीस लेखणी मिळाली, दुसरीस विद्या. ज्या मार्थेस कधीच बसावयास मिळत नाही तिच्या कामाची स्तुती करणे हे आदराचे लक्षण नाही.

आणि म्हणून हा विषय आम्हांस आपल्या मंडळांच्या संदर्भात महत्त्वाचा वाटतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, पणजी, कोठेही पाहावे. दोन-चार पिढ्यांपूर्वी आलेल्या आपल्या कुटुंबांनी भाषा राखली ती मंडळांच्या आधाराने, आणि मंडळे उभी आहेत ती कार्यकर्त्यांच्या धावपळीवर. गणेशोत्सव, कोजागरी, हळदीकुंकू, नाट्यप्रयोग, वर्गणी, सभागृहाचे आरक्षण. हे सारे हवेच. पण या साऱ्याच्या मधोमध जी गोष्ट राखावयाची, तिच्यापाशी बसणारे किती उरले? ग्रंथालयाच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे आहेत, कपाट उघडणारे कमी. आमच्यापैकी अनेकांच्या नातवंडांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली ती शांता गोखले यांच्या २०१७ सालच्या इंग्रजी अनुवादातून. त्यांनी वाचली याचा आनंद आहे. पण त्यांच्या आजीआजोबांनी ती मूळ मराठीत त्यांना वाचून दाखवावयास वेळ काढला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. आम्ही उत्सवाच्या तयारीत होतो.

त्या सभेनंतर आमच्या मंडळात एक लहानसा बदल झाला. चहा आता वाचन संपल्यावर होतो, तो पाळीपाळीने सर्वांनी करावयाचा आणि कपबशा ज्याने त्याने धुवावयाच्या, असे ठरले. शिक्षकमित्रांची पाळी पहिली होती. साखर जास्त पडली होती. काकू पहिल्या रांगेत बसल्या. त्या दिवशीचे प्रकरण त्यांनीच वाचावे असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, पान शोधले आणि सावकाश वाचावयास आरंभ केला. पाऊण तास त्या वाचत होत्या. मध्ये कोणीही उठले नाही.